सगळ्यात कमी भावाचं पुस्तक

कापणीचे दिवस आले की बालाघाटच्या रस्त्यांवर तणस सांडायला लागते. धानाचे भारे उंच रचलेले ट्रॅक्टर गोंदिया रोडने डुलत जातात, वळणावर चार काड्या गळतात, त्यांच्यावरून सायकली जातात, मोटारसायकली जातात, आणि संध्याकाळपर्यंत डांबरावर पिवळट भुसा पसरतो. या दिवसांत लोकांना शेत आठवत असेल, गाव आठवत असेल. मला कीबोर्ड आठवतो. राइस मिलच्या मागच्या भिंतीला लागून एक सायबर कॅफे होता. मिल सुरू झाली की कोंड्याची बारीक भुकटी खिडकीच्या जाळीतून आत यायची आणि बटणांच्या फटींत बसायची. टाईप करताना ती बोटांना खरखरीत लागायची. स्क्रीनवरून बोट फिरवलं की मागे काळी रेघ उमटायची.

आता मी नागपूरला नोकरी करते. दिवाळीला घरी येते, चार दिवस राहते, परत जाते. मिल अजून तिथेच आहे. कॅफेच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. तरी मिलची घरघर कानावर आली की मी रस्ता बदलते. लांबून जावं लागतं, पण जाते.

त्या हिवाळ्यात आमचं सगळं घर एका पुस्तकाची वाट पाहत होतं.

पुस्तक ताईसाठी हवं होतं. ज्योतीताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिने वकिलीचं शिक्षण घेतलं होतं, कोर्टात एका वयस्क वकिलांच्या हाताखाली काम करत होती, आणि सिव्हिल जजच्या परीक्षेची तयारी करत होती. दोनदा ती थोडक्यात राहिली होती. या खेपेला नाही झालं तर स्थळं पाहायची, असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबांनी जेवताना सांगितलं होतं. आईने फक्त भाजीची वाटी ताईकडे सरकवली होती.

ताई पहाटे उठायची. आमच्या दोघींची खोली एकच. डोळे उघडले की मला ती पाठमोरी दिसायची, शाल गुंडाळलेली, पुढे टेबलावर त्या वकिलांनी दिलेलं दिवाणी कायद्यावरचं जाडजूड पुस्तक. पुस्तक जुनं होतं. पानं कडांना तपकिरी झाली होती आणि उलटताना त्यांना औषधाच्या कपाटासारखा वास यायचा. त्यानंतर कायद्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या होत्या. नवी आवृत्ती दोन खंडांत आली होती, सगळ्या दुरुस्त्या आणि नवे निकाल घालून. कोर्टाच्या लायब्ररीतही ती नव्हती. ताई मासिकांमधून, वर्तमानपत्रांतून, कुणाकुणाला विचारून बदल शोधायची आणि समासात पेन्सिलीने लिहायची. एकदा मी विचारलं, एवढं लिहिण्यापेक्षा सरळ नवीन कलमंच का पाठ करत नाहीस. ती वळली नाही. म्हणाली, "यातलं काय मेलं अन् काय अजून जिवंत हाये, तेच समजत नाई मले. अर्ध्या पुस्तकाले सुतक हाये."

नव्या आवृत्तीची किंमत बाबांच्या पगाराचा चांगलाच घास घेणारी होती. पण बाबा कंजूस नव्हते, हे मला इथे सांगितलं पाहिजे. आमच्या शाळेची फी त्यांनी कधी उशिरा भरली नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा नातेवाइकांनी नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली. त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हता. ते सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत होते, आणि तीन कोटेशन घेतल्याशिवाय त्यांच्याने काही विकत घेववत नसे.

सरकारी खरेदीचा तो नियमच आहे. तीन दुकानांकडून भाव मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी भाव ज्याचा त्याला माल द्यायला सांगायचं. त्या सगळ्यात खालच्या भावाला ऑफिसात एल-वन म्हणतात. घरी आम्हीही म्हणायचो. पण नियम कसा पाळला जायचा हेही शहरात सगळ्यांना माहीत होतं. एकच दुकानदार तिन्ही कोटेशनं आणून द्यायचा. एक स्वतःच्या कागदावर, एक मेव्हण्याच्या, एक बंद पडलेल्या कुठल्यातरी दुकानाच्या. भाव मागेपुढे करून स्वतःचा सगळ्यात खाली ठेवायचा. बाबांना याची किळस होती. ते स्वतः गोंदियाला बसने जायचे, खऱ्या दुकानात जायचे, खरा भाव आणायचे. ऑफिसातले हसायचे. "बाबूजी, पेन ख़रीदना है, पुल नहीं बनाना." बाबा घरी येऊन ते आम्हाला सांगायचे आणि स्वतःही हसायचे. त्यांना त्यात अपमान वाटत नसे.

घरात तोच कायदा. कूलर घ्यायचं ठरलं ते होळीच्या सुमाराला. तिसरं कोटेशन हाती आलं तेव्हा छताच्या कौलांवर शेवाळ धरलं होतं. आई म्हणायची, "तुमच्या बाबानं मलेही तीन जागचं पाहूनच आनलं. तिसरी होती म्या. स्वस्त पडली असन." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "डिलिव्हरी अर्जंट होती." आम्ही हसायचो. ताई सगळ्यात जास्त हसायची.

तर पुस्तकाचीही कोटेशनं निघाली. पहिलं जबलपूरच्या दुकानाचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बिसेन चाचांचं पुस्तकांचं दुकान होतं, शाळेची पुस्तकं, गाइड, वह्या. ते महिन्यातून एकदा छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने जबलपूरला जाऊन माल आणायचे. दसऱ्याच्या आतच त्यांनी ताईला हाक मारून सांगितलं होतं, "बिटिया, परसों जा रहा हूँ. बोलो तो उठा लाऊँ. छापी कीमत पर मिलेगी, मैं अपना कुछ नहीं रखूँगा." ताईने घरी येऊन ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "छापील किमतीत कोनी पुस्तक घेते काय? नागपूरले विचारू." दुसरं कोटेशन नागपूरचं. फोनवर. थोडी सूट होती, पण आणायला जायचं भाडं त्या सुटीला खाऊन टाकत होतं. तिसरं अजून यायचं होतं.

ते मिलच्या मागच्या कॅफेतून आलं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझी शाळा इंग्रजीची, रस्त्यावर हिंदी, घरात आईबाबांची मराठी. तिन्ही भाषांत मी कमीच बोलायची. कॅफे मला आवडायचा तो त्याच्या प्लायवूडच्या कप्प्यांमुळे. आत बसलं की कुणी दिसत नाही, कुणाला आपण दिसत नाही, फक्त शेजारच्या कप्प्यातल्या माणसाची खुर्ची करकरते. कॅफे चालवणारे सोनू भैया मोजकं बोलायचे. बाबा त्या दिवशी माझ्यासोबत आले होते, दुसऱ्याच कामाला, ताईच्या परीक्षेची तारीख पाहायला. पुस्तकाचा विषय निघाला. सोनू भैयांनी वाकून एक पत्ता टाईप केला. "बाबूजी, ये साइट देखिए. किताब का नंबर डालो, सब दुकानों का रेट एक साथ निकाल देती है."

पुस्तकाच्या पाठीवर जो लांब नंबर असतो तो ताईने प्रकाशकाच्या सूचीतून उतरवून दिला होता. तो मी टाकला. पान उघडायला वेळ लागला. वरून खाली, पट्टी-पट्टीने उघडत गेलं. मग एकाखाली एक नावं आली, दुकानांची. प्रत्येकासमोर किंमत, त्यापुढे पोचवण्याचा खर्च, त्यापुढे एकूण. सगळ्यात कमी सगळ्यात वर. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या स्वेटरला फाइलींचा वास यायचा.

"हे कोन बनवते?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. आपोआप होतं. मशीन करतं."

"म्हंजे कोनाच्या मेव्हन्याचं नाई यात."

"नाही."

त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण स्क्रीनच्या काचेत थोडा दिसला. आयुष्यभर बसने गोंदियाला जाऊन जे काम ते करत आले, ते कुणीतरी न थकता, न खाता-पिता करून समोर ठेवलं होतं. मला वाटतं त्या संध्याकाळी ते फार आनंदात होते. येताना त्यांनी भजी घेतली. घरी आल्यावर प्रिंट काढलेला कागद आईला दाखवला. आई म्हणाली, "मंग मांगवा ना." ते म्हणाले, "पाहू ना थोडं. दोन-चार दिवस पाहू."

मग रोज संध्याकाळ. ऑफिसातून ते सरळ कॅफेवर यायचे, मी कॉलेजातून. बाहेर मिलमधून कोंडा उडत असायचा, ट्रकवर पोती चढत असायची, हमालांच्या अंगावर पांढुरका थर. आत आम्ही. मी नंबर टाकायची, पान उघडायचं, बाबा वाकून पाहायचे. पहिल्या आठवड्यात भाव थोडा उतरला. मग आणखी थोडा. बाबांनी मला वळून असं पाहिलं जणू मीच उतरवला. त्यांना दर दिवसाचा कागद हवा असायचा. सोनू भैया प्रिंट काढून द्यायचे आणि माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवायचे, मी मान खाली घालायची.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की किमती आणि साठा यांची आम्ही खात्री देत नाही, कृपया दुकानाकडे तपासावं. ते मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे तं हरेक टेंडरात लिवलेलं असते."

दिवाळीला सूट मिळते असं सोनू भैयांनी सांगितलं, म्हणून दिवाळी. दिवाळीत खरंच थोडी मिळाली. मग नवीन वर्षाची मोठी असते असं बाबांनीच कुठेतरी वाचलं. रात्री जेवताना ताई विचारायची, "घेतलं का?" बाबा म्हणायचे, "उतरून राह्यला भाव. थांब जराशी." ती म्हणायची, "बाबा, परीक्षा नाई थांबत." तो आवाज चढलेला नसायचा. कोर्टात उभं राहून तारीख मागायला शिकलेल्या माणसाचा तो आवाज होता. बाबा समजावून सांगायचे, किती फरक पडतो, त्या पैशात दुसऱ्या विषयाचं पुस्तकही येईल. ते खरंच होतं. त्यांच्या प्रत्येक वाक्यात खरं असायचं. म्हणून ताईला भांडता येत नसे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

एका दुपारी मी तिला बिसेन चाचांच्या दुकानासमोर उभी पाहिली. ती आत गेली नाही. काचेतल्या चौथीच्या पुस्तकांकडे पाहत उभी होती. मी हाक मारली नाही. आज विचार करते, तिच्याकडे कोर्टातून मिळणारे थोडे पैसे होते, मैत्रिणींकडून काही उभे करता आले असते. पण आमच्या घरात बाबांनी एखादी खरेदी हातात घेतली की ती त्यांची. मधे दुसऱ्याने जाऊन विकत आणणं म्हणजे बाबांना खोटं पाडणं. ते ताईने केलं नसतं. मीही नसतं केलं.

डिसेंबरात एक दिवस भाव एकदम खाली आला. इतका, की बाबांनी मला पान पुन्हा उघडायला लावलं. तोच. यादीत सगळ्यात वर एक नवीन नाव होतं, पुढे हिरव्या अक्षरात 'उपलब्ध'. "झालं," बाबा म्हणाले. कार्डबिर्ड आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्यांनी बँकेतून डीडी काढला आणि रजिस्टर पोस्टाने त्या दुकानाच्या दिल्लीच्या पत्त्यावर पाठवला. त्या रात्री ताईने जुनं पुस्तक टेबलावरून उचलून कपाटावर ठेवलं. तिने शाल सोडून केस विंचरले, किती दिवसांनी. मला म्हणाली, "छोटी, नव्या पुस्तकाले कव्हर तू घालून देजो. तुले बरं जमते." मी खाकी कागद आणून ठेवला.

ते दिवस मला सगळ्यात स्वच्छ आठवतात. थंडी कडक पडली होती. सकाळी वैनगंगेच्या बाजूने धुकं यायचं आणि पोस्टमनची सायकल आधी ऐकू यायची, मग दिसायची. पोस्टमनला आमच्या दारात थांबावं लागत नसे, तो लांबूनच मान हलवायचा. संध्याकाळी मी कॅफेत ऑर्डरचं पान उघडायची. 'प्रक्रियेत'. दुसऱ्या दिवशी 'प्रक्रियेत'. सोनू भैया म्हणाले, "आ जाएगी दीदी, दूर से आती है." ताईने जुनं पुस्तक कपाटावरून परत खाली काढलं. पेन्सिलीला टोक करत बसली.

मग मेल आला. चार ओळींचा. मागवलेली वस्तू आमच्याकडे उपलब्ध नसल्याने ऑर्डर रद्द करत आहोत, रक्कम परत पाठवू, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी बाबांना सांगितलं. त्यांनी मला तो दोनदा वाचायला लावला, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. जणू भाषा बदलली की अर्थ बदलेल. "हिरव्या अक्षरात लिवलं होतं," ते म्हणाले. "आपल्यापाशी कागद हाये."

यादीतलं दुसरं नाव थोडं महाग होतं. या खेपेला डीडीच्या आधी मी तिथे मेल करून विचारलं, बाबांनीच सांगितलं विचारायला. दोन दिवसांनी उत्तर आलं, नाही. तिसऱ्याचं उत्तर आलं ते शब्दनशब्द दुसऱ्यासारखं, खालचं नाव फक्त वेगळं. सोनू भैया पाठीमागून वाचत होते. म्हणाले, "बाबूजी, ये सब माल एक ही गोदाम से उठाते हैं. उसके पास ख़तम तो सबके पास ख़तम. बोर्ड अलग-अलग है बस."

बाबा उभे होते. खुर्ची रिकामी होती तरी बसले नाहीत. ज्या गोष्टीपासून दूर राहायला ते सबंध नोकरीभर बसचे धक्के खात आले, ती इथे काचेच्या आत, हिरव्या अक्षरांत त्यांची वाट पाहत बसली होती. ते त्यांना कळलं, हे मला कळलं. त्यांनी खिशातून पैसे काढून सोनू भैयांच्या टेबलावर ठेवले आणि उरलेले सुटे घ्यायला विसरून बाहेर गेले. बाहेर मिल चालू होती.

तिथून ते बिसेन चाचांकडे गेले. मी मागे होते. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "अब कहाँ मिलेगी, भाई साहब. जितने परीक्षा वाले थे, सब उठा ले गए. नई छपाई होली के बाद बोल रहे हैं." मग खालच्या आवाजात, "मैंने तो दशहरे में ही बोला था बिटिया को." बाबा म्हणाले, "हौ. बोलले होते तुमी." हिंदी माणसाशी ते नेहमी हिंदी बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलले.

नागपूरच्या दुकानाला फोन लावला, तिथेही संपलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः जबलपूरला गेले. छोट्या लाईनची गाडी, जंगलातून, घाटातून, सबंध दिवस घेते. आईने डब्यात पोळ्या आणि ठेचा दिला, कानाला बांधायला मफलर दिला. ते तिसऱ्या दिवशी आले. डोळे लाल, गालांवर दाढीचे खुंट. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं. आम्हाला हवं होतं ते नव्हतं. दुसऱ्या लेखकाचं, एका खंडाचं, विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात केलेलं. सगळा बाजार पालथा घातला, ते म्हणाले, दोन दुकानं तर उघडेपर्यंत पायरीवर बसून राह्यलो. किंमत त्यांनी सांगितली नाही. त्या पुस्तकाचा भाव त्यांनी दुसरीकडे कुठे विचारला नव्हता. मागच्या पानावर दुकानदाराची पावती तशीच अडकली होती, पूर्ण किमतीची.

ताईने पुस्तक हातात घेतलं. "चांगलं हाये, बाबा," ती म्हणाली. परीक्षा तोंडावर आली होती. आठवडाभरात तिने ते दोनदा संपवलं. मी रात्री उठले की दिवा चालूच असायचा. एकदा ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती आणि तिच्या गालावर पेन्सिलीची अक्षरं उलटी उमटली होती.

परीक्षेहून ती आली तेव्हा आईने विचारलं नाही. मीच अंगणात नळावर गाठून विचारलं. ती पाय धूत होती. "तिसऱ्या पेपरात दुरुस्त्यांवरच घातले त्याईनं प्रश्न. म्या जुनंही लिवलं अन् नवंही लिवलं. जे बरोबर असन ते घेतीन म्हटलं." मग ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. "जज लोक दोन्हीकडचं ऐकतेत ना वं."

उन्हाळ्यात निकालाची यादी लागली. कॅफेत मीच पाहिली, कारण इंटरनेटवर पाहणं माझं काम होतं. मी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. शेजारच्या कप्प्यात कुणीतरी गाणं ऐकत होतं. घरी जायला मी त्या दिवशी पहिल्यांदा लांबचा रस्ता धरला.

स्थळं यायला वेळ लागला नाही. बाबांनी पुन्हा एक तक्ता केला. मी तो पाहिला आहे. पट्टीने आखलेला, निळ्या शाईत. मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती, घरातली माणसं, बालाघाटपासून अंतर, देण्याघेण्याची अपेक्षा. शेवटचा रकाना रिकामा, त्यावर लिहिलेलं, 'ज्योतीचं मत'. त्यांना तो रकाना मनापासून हवा होता. इतर बापांच्या कागदावर तो नसतो. संध्याकाळी त्यांनी तो ताईसमोर ठेवला आणि तिथून उठून गेले, तिला मोकळेपणाने पाहता यावं म्हणून. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ताईने कागद वाचला. कोर्टातले कागद वाचायची तिची रीत होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीच्या जागेपर्यंत, एक शब्द न सोडता. तसाच वाचला. मग ओट्यावर गेली. मी आतून ऐकलं.

"बाबा, यात तुलना करन्यासारखं काई नाई. कोनतंही चालन."

"असं काहून म्हनतं? नीट पाह्य ना. घाई नाई."

"नाई, घाई नाई," ताई म्हणाली.

खैरलांजीकडचं एक घर ठरलं. माणसं वाईट नव्हती. भाऊजी पंचायतीत सचिव, घरची धानाची शेती, सासरे बोलके. ताईची वकिलीची सनद लग्नाच्या बॅगेत गेली, मी स्वतः साड्यांच्या तळाशी ठेवली. बालाघाटचं कोर्ट तिथून बसने येण्याजाण्यासारखं नाही, असं सासरच्यांनी म्हटलं. आहे खरं तर. पण त्यावर ताईने वाद घातला नाही. रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे कधीतरी परत आले असावेत. बाबांनी तो विषय काढला नाही आणि घरात आम्ही काही घेतलं तर त्यांनी त्यानंतर भाव विचारणं बंद केलं. कुकर आईने आणला, पंखा मी आणला, त्यांनी फक्त चालतो का ते पाहिलं. मला वाटलं होतं याने बरं वाटेल. बाजारातून परत येताना त्यांचे हात कसे लोंबतात ते पाहिलं की वाटत नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर मी ताईकडे गेले होते, दोन दिवस. बस गावाच्या अलीकडे उतरवते. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची धसकटं आणि मधून बांधावरची वाट. खळ्यावर चुरणं, म्हणजे धानाची मळणी, संपलं होतं. धानाचे दोन ढीग होते, एक मोठा विकायचा, एक लहान बियाण्याचा. ताई चुलीवर मजुरांचा चहा करत होती. जाड झाली आहे थोडी. तिची लहान मुलगी तिचा पदर धरून होती.

वारासिवनीचा व्यापारी छोटा ट्रक घेऊन आला होता. भाव ठीक होता. पण ताईच्या सासऱ्यांकडे आता मोबाईल आहे. ते बाजेवर बसून एकेकाला फोन लावत होते. गोंदियाला काय चालू आहे, तुमसरला काय, कटंगीला काय. प्रत्येक फोननंतर ते आकडा मोठ्याने सांगायचे आणि भाऊजी मान डोलवायचे. कुठेतरी पाच रुपये जास्त होते, कुठेतरी सात. व्यापारी ट्रकला टेकून बिडी ओढत होता. पश्चिमेकडे आभाळ भरून येत होतं, अवेळी. वारा थांबला होता आणि कुत्री घरात शिरली होती.

ताई कपांचं ताट घेऊन बाहेर आली. सासऱ्यांच्या हातात कप दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "मामाजी, जो आज गाडी लावून राह्यला त्याले देऊन टाका."

सासरे हसले. मजुरांकडे पाहत म्हणाले, "आमच्या वकीलबाई. बाई, कायदा तुमी सांगा, भाव आमाले पाहू द्या." सगळे हसले. भाऊजीही हसले. वाईट हेतूने कुणी हसलं नाही. ताईने रिकामे कप गोळा केले आणि परत आत गेली. तिने ते दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

व्यापाऱ्याने बिडी विझवली. थोडा वेळ थांबला. मग ट्रक सुरू करून रिकामाच गेला. उद्या येतो, असं तुमसरचा माणूस फोनवर म्हणाला होता.

दिवेलागणीला वारा सुटला. पुरुष गावात गेले होते. ताईने मुलीला सासूकडे दिलं, पदर खोचला आणि गोठ्यातून ताडपत्री ओढत आणली. "छोटी, तिकडचं टोक धर." मी धरलं. वाऱ्याने ती फुगत होती, हातातून निसटत होती. आम्ही मोठ्या ढिगावर टाकली तर लहान उघडा राहत होता. लहानावर टाकली तर मोठ्याचा निम्माही झाकत नव्हता. ताई दोन्ही ढिगांच्या मधे उभी राहिली. केस तोंडावर उडत होते. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"बियान्याचं झाकू," ती म्हणाली.

आम्ही ती दुमडून लहान ढिगावर घातली, कडेने दगड ठेवले. मोठ्या ढिगावर टपटप थेंब पडायला लागले होते. कोरड्या धानावर पडले की त्यांचा वेगळाच आवाज होतो.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे भिजन," ताई म्हणाली, आणि दोरी बांधायला खाली वाकली.